रिकाम्या गाडीतला उपदेश

ताटातली भाकरी अर्धी टाकून बन्सीधर उठले, चाचपडत काठी हातात घेतली आणि स्वयंपाकघराकडे पाठ करूनच म्हणाले, "उद्या मी चर्चला यायचा न्हाई. सांगून ठिवतो."

त्रिवेणीची तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली. उद्या रविवार... बोरीजवळच्या या लहानशा गावात पहिल्यांदाच एक सून उपदेशाला उभी राहणार होती, आणि तीही त्याच जागी, जिथे तिच्या या सासऱ्यांनी उभी हयात वचन सांगितलं होतं! पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत, बाकीचे रविवार बन्सीधरांचे असत. मग अर्धांगवायूचा झटका आला, उजवा पाय ओढू लागला, जीभ जड झाली आणि ज्या आवाजाने माणसं भारावून जायची तो आवाज घरातल्या घरात अडखळू लागला.

"मामा, माझं काही चुकलं का?" तिने कातर स्वरात विचारलं.

"ऐकू येतं मला अजून. लंगडे, पांगळे... भाकऱ्या थापता थापता त्येच घोकायलीस. साऱ्या मंडळीसमोर माझ्याकडं बोट दाखवायचं हाय न्हवं? एसटीत तिकीट फाडणं येगळं आन् वचन सांगणं येगळं, बाई."

"आबा, ते वचनातच हाय, तिनं कुठं..." सूर्यभान म्हणाला. सूर्यभान तिचा नवरा, भला माणूस, पण बापासमोर त्याचं वाक्य आजवर कधी पूर्ण झालं नव्हतं. याही वेळी ते अर्ध्यातच राहिलं आणि बन्सीधर काठी टेकत बाहेर निघून गेले.

शास्त्रभाग पाळकसाहेबांनीच नेमून दिला होता. मोठ्या जेवणाचा दाखला. बोलावलेले पाहुणे आले नाहीत, तेव्हा यजमानाने रस्त्यावरचे लंगडे-पांगळे आत आणवले आणि मानाने पंगतीला बसवले. त्रिवेणी बिचारी तेवढंच पाठ करत होती.

"तू तेवढा शब्द गाळून टाक ना," सूर्यभान हळूच म्हणाला.

"गाळला तर त्या पंगतीत बसायचं कुणी?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

एकेकाळी तिला बायबलच्या शाळेत प्रवेश मिळाला होता. पेटी भरून तयार होती आणि त्याच महिन्यात मामांना झटका आला. तिने पेटी रिकामी केली, एसटीत कंडक्टर झाली, घर सावरलं. रोज ड्युटीवरून आल्यावर त्या निर्जीव पायाला तेल चोळलं. आपण काय सोडलं हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. त्या मूक त्यागाची तिला खंत नव्हती... पण आज त्याच पायाचा आपण अपमान करू असं त्यांना वाटावं, हे मात्र तिच्या काळजाला लागलं.

हा उपदेश तिने तयार केला होता तो गाडीत. पाथरीच्या स्टँडवर प्रवासी उतरले, की परतीची वेळ होईपर्यंत ती दोन बाकांच्या मधल्या वाटेत उभी राहून रिकाम्या सीटांना वचन सांगायची. ऐकणारा एकटा ड्रायव्हर सटवाजी, तोही चहा पिता पिता. एकदा तो म्हणाला होता, "मॅडम, मला तुमच्या धर्मातलं काय कळत न्हाई. पण त्यो जेवू घालणारा माणूस लय दिलदार वाटायलाय. त्याला असा घाईत उरकू नका." त्या दिवसापासून तिने सावकाश बोलायला सुरुवात केली. रविवारची सुट्टी मिळावी म्हणून शनिवारी तिने दुसऱ्याचीही ड्युटी केली होती, आणि त्या दमल्या अंगानेच ती भाकऱ्या थापत होती.

सकाळी पत्र्याच्या त्या चर्चमध्ये सतरंज्यांवर एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष दाटीवाटीने बसले. गाडी कितीही हादरली तरी न डगमगणारी त्रिवेणी आज सपाट फरशीवर थरथरत होती. तरी तिने सुरुवात केली. यजमान आला, जेवण शिजलं, पाहुण्यांच्या सबबी सांगून झाल्या... आणि तिची नजर दाराकडे गेली.

चपलांच्या ढिगापलीकडे मामा उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात काठी. आले होते, पण उंबरा ओलांडत नव्हते. आता तोच शब्द यायचा होता. पुढचं काही सुचेना, आणि आपण कुठे उभे आहोत याचंही भान सुटलं. गाडीच्या पत्र्यावर पडावा तसा समोरच्या लाकडी मेजावर तिचा हात सवयीने थाडकन पडला.

"चला, दारात थांबू नका... मधी सरका, सरकून घ्या, लय जागा हाय!"

एकदम हशा उसळला. सूर्यभानने तोंड झाकून घेतलं. त्रिवेणीचे कान लाजेने तापले, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं तिला वाटलं.

पण हसता हसता माणसं सरकली होती. सगळेच तिच्या गाडीने जाणारे. आवाज कानी पडताच सवयीने मागचे पुढे झाले, कडेचे आत झाले आणि दारापासून थेट तिच्यापर्यंत वाट मोकळी झाली. बन्सीधर त्या वाटेकडे बघत राहिले. मग त्यांनी चपला काढल्या आणि पाय ओढत, काठी टेकत ते अगदी पुढे येऊन बसले. हसणं थांबलं.

"बोल, माय," जड जिभेने ते म्हणाले. "त्यो शब्द बी घे. मला ऐकायचंय."

तिने तो शब्द घेतला. त्यांच्या डोळ्यांत बघून, सावकाश घेतला... आणि पुढचं सगळं असं सांगितलं, की बायांचे पदर डोळ्यांना लागले.

उपासना संपल्यावर दाराशी कुणीतरी चेष्टेने म्हणालंच, "बन्सीधरराव, सुनेनं आज चर्चची पार एसटी करून टाकली."

म्हाताऱ्याने धडधाकट डावा हात त्रिवेणीच्या डोक्यावर ठेवला. मान ताठ होती.

"सारं आयुष्य मी ह्या लोकायला येकमेकायला जागा द्या म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "कुणी बोटभर हललं न्हाई. माझ्या सुनेनं येकदा म्हणलं, आन् अख्खी मंडळी सरकली."