पंखाशेजारचा हात

“अजून किती डॅक्टिल उरलेत?” असं विचारून कासवानं डोकं टेबलावर टेकलं.

“अकरा,” वकील म्हणाला. “आणि डोकं उचल, तू गेंड्यावर झोपली आहेस.”

तिच्या गालाखाली खरोखरच गेंड्याचं लेबल होतं. सुट्टी लागून आठ दिवस झाले होते आणि आठही दिवस ही तिघं संग्रहालयात लेबलं कापत आणि चिकटवत होती. कासव म्हणजे तेरा वर्षांची मुलगी. सगळं सावकाश करते म्हणून घरात तिला हे नाव पडलं, आणि तिनंही ते बदलायची खटपट कधी केली नाही. तिच्या मागे मागे फिरणारा नऊ वर्षांचा धाकटा भाऊ म्हणजे शेपूट. वकील हा तिचा मावसभाऊ, भिंतीशीसुद्धा वाद घालणारा. कासवाची आई या संग्रहालयात लेबलं लिहायची. ‘घरी लोळत बसण्यापेक्षा हाताशी या’ असं म्हणून तिनं तिघांना इथे आणलं होतं. आता ती स्वतःच इतकी दमली होती की तिघांवर ओरडायचंही विसरत होती.

गुरुवारी नवं दालन उघडणार होतं आणि आज मंगळवार होता. दालन होतं फक्त बोटांचं. ग्रीक भाषेत ‘डॅक्टिलॉस’ म्हणजे बोट, आणि त्या एका शब्दापासून शास्त्रज्ञांनी शब्दांची भलीमोठी चाळच बांधली होती. बोटं जन्मापासून जोडलेली असली की सिंडॅक्टिली, जास्त असली की पॉलिडॅक्टिली. बोटांनी अक्षरं दाखवून बोलणं म्हणजे डॅक्टिलॉलॉजी. घोडा, गेंडा विषम खुरांचे म्हणून पेरिसोडॅक्टिल, गाय, हरीण सम खुरांचे म्हणून आर्टिओडॅक्टिल. पहिल्या दिवशी मुलांना याची भारी गंमत वाटली होती. आता शेपूट झोपेतही डॅक्टिल डॅक्टिल बरळायचा.

दालनाच्या मधोमध असणार होता टेरोडॅक्टिल, म्हणजे पंखबोट्या, डायनासोरांच्या काळातला उडणारा प्राणी. त्याचा अख्खा पंख हाताच्या एकाच लांबलचक बोटावर ताणलेला असायचा. दगडात सापडलेला असा पंख साचेवाले काका प्लास्टरमध्ये बनवत होते. सोमवारी संध्याकाळी त्यांनी मोठी लादी ओतली, तिच्यात हाडं बसवली आणि ती सुकायला ठेवून ते घरी गेले. एकतीस वर्षं त्यांनी इथे साचे घडवले, पण त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नव्हतं. या पंखाच्या पाटीवर पहिल्यांदा येणार होतं, आणि महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते.

आज सकाळी दार उघडलं तर लादीवर हाताचा खोल ठसा! कोणीतरी ओल्या प्लास्टरवर अंगाचा सगळा भार टाकून हात टेकला होता. शेजारचं ते लांब बोट मधोमध तडकलं होतं. ठशातली मधली दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती.

ते पाहून सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी गेल्या. साचेवाल्या काकांच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं जन्मापासून जोडलेली होती. व्यवस्थापक साहेबांनी त्यांना ठशाशेजारी डावा हात उताणा धरायला लावला. अंगठा डावीकडे, जोडबोटं मध्ये, सगळं हुबेहूब. साहेब म्हणाले, आपल्याच कामावर हात टेकायचा आणि वर गप्प बसायचं, हे काही बरोबर नाही. आज संध्याकाळी किल्ल्या देऊन टाका, पाटीवर नाव येणार नाही. काका एक शब्द बोलले नाहीत. मागच्या खोलीत जाऊन ते आपली हत्यारं फडक्यानं पुसत बसले.

कासवाला ते बघवेना. काकांनी तिला आठवडाभर कधी घाई केली नव्हती. इतर सगळे करत होते.

जेवणानंतर आईनं तिघांना काकांचं टेबल आवरायला पाठवलं. टेबलावर प्लास्टरच्या भुकटीचा थर होता. कासव स्टुलावर बसली ती बसलीच. शेवटी वकिलानं कटकट केली तेव्हा ती टेबलावर उजवा हात टेकून उठली. भुकटीत पंजा उमटला. ती त्याच्याकडे बघतच राहिली. अंगठा डावीकडे होता.

तिनं शेजारी उजवा हात उताणा धरला. अंगठा उजवीकडे आला. मग डावा हात उताणा धरला. तो बरोबर जुळला.

“वकील,” ती म्हणाली, “मी टेकला उजवा आणि दिसतोय डावा.”

वकिलानं स्वतःचे दोन्ही हात भुकटीत उमटवून पाहिले. एरवी तो अर्धा तास वाद घालायचा. आज त्यानं फक्त मान डोलावली. हात टेकताना पालथा असतो आणि मोठ्यांनी तो उताणा धरून पाहिला होता. जोडलेली बोटं दिसली आणि पुढचं बघायची कोणाला गरजच वाटली नाही!

“म्हणजे लादीवरचा हात उजवा आहे,” वकील म्हणाला. “काकांच्या उजव्या हाताची बोटं तर सुटी आहेत.”

मग कोणाचा? तिघं लादीपाशी गेली. शेपटानं खोलगट ठशात भुकटी शिंपडली, त्यात मऊ माती भरली आणि हलकेच दाबली. काकांना असं करताना त्यानं दहा वेळा पाहिलं होतं. माती उलटी काढली तेव्हा एक अख्खा हात बाहेर आला. तो उजवाच होता. मधल्या दोन बोटांवर कातडीच्या रेषा नव्हत्याच. तिथे बारीक जाळी उमटली होती, कापडाची. बोटं जोडलेली नव्हती, पट्टीत बांधलेली होती.

पट्टीवालं कोण, ते शोधायला पळापळ करावी लागली नाही. आठ दिवस चिकटवलेल्या प्रत्येक लेबलाच्या कोपऱ्यात साहेबांची मंजुरीची सही असायची. ती पहिलीतल्या मुलानं केल्यासारखी वाकडी असते, यावर मुलं रोज हसायची. आजच्या लेबलांवर मात्र सही सरळ, ऐटबाज होती. कासवानं आईला सहज विचारलं. आई म्हणाली, अगं, कपाटाच्या दारात त्यांच्या उजव्या हाताची बोटं चेमटली होती, डाव्या हातानं सह्या करत होते बिचारे. पट्टी आजच सकाळी सुटली.

साहेबांवर आरोप करायचा म्हणजे आईच्या नोकरीशी खेळ. कासवाला हे कळत होतं. पण पाच वाजता काका किल्ल्या देणार होते. वकिलानं युक्ती काढली. आपण काही बोलायचंच नाही, साहेबांनाच बोलू द्यायचं.

काका किल्ल्या घेऊन लादीपाशी आले, साहेबही आले, तेव्हा कासव पुढे झाली. तिनं नम्रपणे सांगितलं की एका लेबलाचा अर्थ आम्हाला लागत नाही, साहेब, वाचून दाखवाल का?

साहेब कंटाळलेले होते, पण मुलांपुढे ज्ञान दाखवायला कोणाला आवडत नाही? त्यांनी लेबल घेतलं. “डॅक्टिलोस्कोपी. बोटांच्या ठशांचा अभ्यास. ठसा ही आरशातल्यासारखी उलटी प्रतिमा असते, म्हणून डाव्या-उजव्याचा...” त्यांचा आवाज हळू झाला. “...डाव्या-उजव्याचा घोळ होऊ नये याची काळजी घ्यावी.” खाली त्यांचीच वाकडी सही होती.

“मग काकांनी डावा हात पालथा ठेवून पाहावा का?” वकिलानं विचारलं.

काकांनी ठेवला. अंगठा भलत्याच बाजूला आला. जोडबोटं खाचेत बसेनात. त्यावर कासवानं मातीचा हात साहेबांपुढे धरला.

साहेबांनी पट्टीची जाळी पाहिली, मग स्वतःची दोन बोटं. त्यांच्यावर पट्टीचे वळ अजून होते. सोमवारी संध्याकाळी फोन आला होता, ते हळूहळू आठवत म्हणाले. पाहुण्यांच्या यादीवरून वाद चालला होता. मागे कशाला तरी टेकून उभा होतो. पट्टीला पांढरं लागलं, वाटलं भिंतीचा चुना. ते खाली स्टुलावर बसले आणि एकदम म्हातारे दिसू लागले.

“माझं चुकलं,” ते काकांना म्हणाले. “सगळ्यांसमोर बोललो, तर सगळ्यांसमोरच माफी मागतो.” पाटीवर काकांचं नाव लागेल आणि ठळक लागेल, असंही त्यांनी सांगितलं. मुलांकडे वळून ते म्हणाले की आम्ही चार शहाणे जे सकाळपासून पाहू शकलो नाही ते तुम्ही पाहिलंत. आईनं कासवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

कासवाला मात्र एक कोडं सुटत नव्हतं. साचे घडवणाऱ्या माणसाला डावं-उजवं कळलं नसेल?

“सकाळीच कळलं होतं, पोरी,” काका म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“शाळेत शाई सांडली की माझा हात. घरात बरणी फुटली की माझा हात. लोक आधी हात बघतात, मग माझं बोलणं त्यांना ऐकू येत नाही. लहानपणी सांगायचो मी. मग दमलो.”

कासवाचे डोळे भरून आले. दमणं म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, असं तिला आठ दिवस वाटत होतं.

साहेब घसा खाकरून म्हणाले, सिंडॅक्टिलीचं कपाट अजून रिकामं आहे. काकांनी स्वतःच्या हाताचा साचा दिला तर तो मानानं ठेवू.

काकांनी आपला डावा हात उलटसुलट करून पाहिला.

“नको,” ते म्हणाले. “हा कपाटात ठेवायचा हात नाही. याला काम आहे.” त्यांनी बाह्या वर केल्या आणि बादली पुढे ओढली. दीड दिवसात नवं बोट ओतायचं होतं. “प्लास्टर सावकाश ढवळावं लागतं, नाहीतर बुडबुडे येतात. कोणाला जमेल?”

अंगात त्राण नव्हतं, तरी कासव सगळ्यांच्या आधी उठली.