दामूमामांची शिफ्ट

डेमो झकास झाला. सगळ्या टेस्ट हिरव्या आल्या, क्लायंटने चहाबरोबर खारी मागवली.

हे तुम्ही वाचलंच नाही. डेमो झालाच नाही, असं धरून चाला. मी आणि हितेशही तसंच धरून चालतो.

पण आदल्या दिवशी जे घडलं ते घडलं. मी भुतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. माझा तर आमच्या ऑफिसच्या वाय-फायवरही नाही. तरी खालचा शब्द न् शब्द खरा आहे.

जागा बोईसर. एका हार्डवेअरच्या दुकानावरचं आमचं छोटं ऑफिस. वेळ शुक्रवारची, भर दुपारची. ज्यांना रात्रच हवी असेल त्यांनी पडदे ओढून वाचावं.

शुक्रवारी आजूबाजूचे बहुतेक कारखाने बंद. एरवी आमच्याकडे हवेला वास असतो. पाहुणे नाक धरतात, आम्ही त्यावरून वार ओळखतो. शुक्रवारी वास नसतो.

त्या दिवशीही नव्हता. आधी.

ऑफिसात मी आणि हितेश, दोघंच. हितेश माकुणसारचा. रोज जवळच्या सफाळे स्टेशनवरून गाडीने येऊन-जाऊन करतो.

आम्ही कारखान्यांसाठी गेटवरच्या हजेरीचं सॉफ्टवेअर बनवतो. कामगाराचं नाव टाकायचं, 'आत' दाबायचं. शिफ्ट संपली की 'बाहेर'. ते नीट चालतं का हे तपासायला मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो एक्सेलच्या फाइलमधून एकेक नाव उचलतो, स्वतःच स्क्रीनवर भरतो, स्वतःच बटणं दाबतो. माणसाने नुसतं बघत बसायचं. हे काम मला जमतं.

अडचण एकच. प्रोग्रॅमला आपलंआपण एक्सेल वाचता येत नाही. त्यासाठी लायब्ररी जोडावी लागते, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. एक फाइल जोडली की ती म्हणते, माझी बहीण कुठाय? बहीण आणली की म्हणते, ही नाही, मोठी. अख्खं वऱ्हाड जमेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली.

शेवटी चाललं.

नावं भराभर पडू लागली. प्रोग्रॅम नाव टाकतो ते झटक्यात, अख्खं एकदम. कीबोर्डचा आवाज होत नाही. कीबोर्डला कुणी हातच लावत नाही ना.

नावं संपली. स्क्रीन बंद व्हायला हवी होती...

झाली नाही.

"अजून एक ओळ वाचतोय," मी म्हणालो. "शेवटी काय आहे रे फाइलमध्ये?"

"काय नाय. रिकामी हाय ती."

मी फाइल उघडली. खरंच रिकामी. नुसता पिवळा रंग भरलेला.

यात भुताचं काही नाही. ओळीतलं नाव पुसलं तरी रंग उरतो. आणि रंग उरला की लायब्ररीच्या लेखी ती ओळ आहेच. नवशिके सगळे इथे फसतात. रिकामं नाव गेलं की सॉफ्टवेअरने 'नाव भरा' म्हणायचं, विषय संपला.

मी वाट बघत बसलो.

आणि मग...

टक.

आवाज कीबोर्डचा होता.

माझे दोन्ही हात चहाच्या ग्लासाभोवती. हितेश खिडकीपाशी.

टक... टक...

स्क्रीनवर एक अक्षर आलं. बराच वेळ काही नाही. मग दुसरं. एका बोटाने, शोधून शोधून दाबल्यासारखं. मधेच एक अक्षर चुकलं...

आणि खोडलं गेलं.

माझा प्रोग्रॅम चुकतो, नाही असं नाही. पण चूक मान्य करत नाही.

"च्."

कुणीतरी जीभ वाजवली. माझ्या खुर्चीच्या मागे.

"हितेश, गप रे."

"मी नाय बोललो."

नाव पूर्ण झालं. दामोदर किणी. 'आत' दाबलं गेलं.

खाली लाल अक्षरं उमटली. 'हा कामगार आधीच आत आहे.'

तेव्हा वास आला. शुक्रवारी. रंगाच्या कारखान्याचा, घामाने भिजलेल्या गणवेशाला येतो तसा.

"कोण रे हे?" मी विचारलं.

हितेश भिंतीला टेकून खाली बसला. "माझा मामा."

मग कळलं ते असं. क्लायंटने टेस्टिंगला जुन्या कामगारांची फाइल दिली होती. त्यात पिवळा रंग म्हणजे मयत. दामूमामा, माकुणसारचेच, या क्लायंटच्या कारखान्यात होते.

"मला मामाचं नाव दिसलं," हितेश म्हणाला. "म्हटलं, मेलेल्या माणसाला कशाला परत लायनीत उभा करायचा. म्हणून पुसलं."

"अरे मग अख्खी ओळच उडवायची ना!"

"मामाची ओळ उडवू? मामीला काय तोंड दाखवू?"

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"शिफ्टमधेच छातीत कळ आली त्याच्या," तो सांगू लागला. "मालाच्या गेटनं टेम्पोतून नेला. वाटेतच गेला. माणसांच्या गेटवर 'बाहेर'ची नोंद कोण करणार?"

मग त्याने पाय पोटाशी घेतले.

"दहाव्याला कावळा शिवला नाय रं. बोंबील ठेवला, ताडी ठेवली. पोरीचं लगीन आमी करू, बोललो. मामीनं तर मेव्हण्याशी भांडण मिटवीन म्हणून हात जोडलं. तरी नाय. शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा केला." त्याने डोळे पुसले. "कावळा तरी काय करंल? मामा ड्यूटीवर हाय."

मी मयतातही हसलेला माणूस आहे. तेव्हा हसलो नाही.

"दाब ना 'बाहेर'," हितेश म्हणाला. "सोड त्याला."

मी दाबलं.

'शिफ्ट पूर्ण नाही. शिफ्ट इन्चार्जची मंजुरी घ्या.'

हा नियम मीच तपासून पास केला होता. अभिमानाने.

मग मी आडमार्गाने गेलो. थेट डेटाबेस उघडला आणि मामांच्या नावापुढे हाताने लिहिलं, 'बाहेर'. हितेशने डोळे मिटून हात जोडले.

टक...

शेवटचं अक्षर गेलं. मग त्याच्या आधीचं. आमच्या डोळ्यांदेखत एकेक करून सगळं खोडलं गेलं. आणि सावकाश, एका बोटाने, परत लिहिलं गेलं...

'आत'.

"मामा, जा ना रं घरी!" हितेश ओरडला. "मामी कवाची वाट बघते!"

"च्."

"नाय जायचा तो," हितेश म्हणाला. "सही मिळाल्याबिगर कधी गेट वलांडला नाय त्यानं. सोताच्या पोरीच्या बारशाला गेट पास घेऊन आलेला."

मी आमच्या साहेबांना, विक्रम सरांना, फोन लावला.

"सर, एक कामगार बाहेर जात नाहीये."

"कुठला?"

"मयत."

"टेस्ट फेल दाखवते का?"

"हो."

"मग ओळ उडव. उद्या डेमो आहे."

"सर, फक्त शिफ्ट इन्चार्जची मंजुरी मिळाली तर..."

"त्या फाइलमधला विभाग कधीच बंद झाला रे. इन्चार्ज हे पदच उरलं नाही. ओळ उडव."

हितेशने माझा हात धरून ठेवला. मी ओळ उडवली नाही.

सकाळी सरांनी उडवली. रंगासकट. पुढे काय झालं ते झालंच नाही, हे आपलं ठरलंय.

आता फाइलमध्ये पिवळं काही नाही. मी शंभरदा पाहिलंय. पण शुक्रवारी दुपारी वास येतो. मी कीबोर्ड काढून कपाटात ठेवतो. मग कपाटातून येतो... टक... टक...

हितेश कपाटासमोर चहा ठेवतो. घरी मामीला त्याने काही सांगितलेलं नाही. काय सांगणार?

आणि मी दर शुक्रवारी आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये मंजुरीचा अर्ज भरतो. सॉफ्टवेअर म्हणतं, मंजुरी देणारा सापडला नाही. मी परत भरतो. आज तोच इथे देतो, कुणाच्या हाती लागला तर बघा.

प्रति, शिफ्ट इन्चार्ज. महोदय, आपले पद अस्तित्वात नसल्याची नोंद घेतली आहे. तरी कामगार दामोदर किणी, राहणार माकुणसार, यांची शिफ्ट संपली असे आपल्या सहीनिशी कळवून त्यांना माणसांच्या गेटने घरी जाऊ द्यावे, ही विनंती.