शब्बाथच्या दिवशी विकलेलं चित्र

ब्राम कोट न काढताच खुर्चीच्या कडेवर टेकला आणि लेयाच्या काळजात चर्र झालं... एकोणीस वर्षांनी धाकटा भाऊ तिच्या अॅम्स्टरडॅमच्या घरी आला होता, तोही तिच्यासाठी नव्हे, एका सहीसाठी!

“कॉफी घे रे.”

“पिऊन आलोय.”

“मग बिस्किट तरी...”

“सहीचं बोल, लेया. सत्त्याहत्तरीतही माणसाला विकत घ्यायची सवय सुटत नाही तुझी!”

टेबलापलीकडे बसलेली ताम्मिंगा नावाची तरुण बाई ओशाळली. संग्रहालयातल्या चित्रांचे खरे मालक शोधणं हे तिचं काम. ड्रुकर कुटुंबाचं चित्र तिला एका लहान गावाच्या संग्रहालयात सापडलं होतं. मात्र दोन्ही वारसांनी एकाच अर्जावर सही केल्याशिवाय ते परत मिळणार नव्हतं.

साठ वर्षं ते चित्र तिथे ऐटीत टांगलेलं होतं! खाली पाटी, ‘देणगीदार अज्ञात’. अज्ञात कसला? विचारायची कुणाला गरज वाटली नाही, एवढंच! नाझींच्या राज्यात मातीमोल भावानं गेलेला माल सरकारी भिंतीवर सुखात होता, आणि ज्यांच्या घरातून तो गेला ती दोन भावंडं एकमेकांची तोंडं बघत नव्हती.

“विकलं कसं, ते अर्जात लिहावं लागेल,” ताम्मिंगा म्हणाली.

“हिलाच विचारा!” ब्राम उसळला. “मी पाच वर्षांचा होतो. बाबा आतल्या खोलीत शाल पांघरून प्रार्थना करत होते आणि ही स्टुलावर चढून चित्र उतरवत होती. शनिवारी! शब्बाथला, आम्हा ज्यूंच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी! ज्या घरात त्या दिवशी काडीसुद्धा ओढत नसत, त्या घरातून हिनं बापाच्या पाठीमागे चित्र पळवलं. आणि त्याच दुपारी मला एका परक्या बाईच्या हवाली केलं... घरातली अडगळ काढावी तसं!”

लेयाने मान खाली घातली. बासष्ट वर्षं हे शब्द ती गिळत आली होती. आजही गिळले असते...

“पळवलं कसं म्हणता?” ताम्मिंगाने गोंधळून फाइल उघडली. “ज्यानं चित्र विकत घेतलं त्या दुकानदाराच्या जप्त कागदांत एक चिठ्ठी आहे. पंधरा वर्षांच्या मुलीकडून चित्र घ्यायला त्यानं वडिलांची लेखी संमती मागितली होती.”

“ती नको गं दाखवूस, पोरी!” लेया कळवळून उठली. “जाळली असेल म्हणून मी निश्चिंत होते...”

पण चिठ्ठी ब्रामच्या हातात गेली होती. ‘माझ्या संमतीने माझी मुलगी लेया हे चित्र विकत आहे.’ खाली बाबांची सही. वर तारीख, दहा ऑक्टोबर १९४२. शनिवार.

त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

“शनिवारी... बाबांनी लिहिलं?”

“तारखेत काही चूक आहे का?” ताम्मिंगाने कुतूहलाने विचारलं.

“बाई, आमच्यात शब्बाथला लिहीत नाहीत, विकत नाहीत, रस्त्यातून ओझं नेत नाहीत. माझे बाबा तर त्या दिवशी पेन्सिलीला शिवत नसत. हे सगळं एकाच वेळी मोडता येतं... मोडावंच लागतं... जेव्हा कुणाचा तरी जीव वाचवायचा...”

त्याने चिठ्ठीवरून नजर उचलली.

“कुणाचा, लेया?”

लेयाने चिठ्ठी परत घ्यायला हात पुढे केला.

“मी विचारतोय, कुणाचा!”

“त्या पैशात शेतावर लपवायला एकच जागा मिळत होती,” ती हुंदका दाबत म्हणाली. “आई म्हणाली, सर्वांत धाकट्याची. बाबांनी मान हलवली. मीही हलवली. तुला नेणारी ती बाई दुपारीच निघणार होती रे, सूर्यास्तापर्यंत थांबायला वेळ कुठे होता! पुढच्या महिन्यात नाझींनी आम्हा तिघांना छळछावणीत नेलं... परत मी एकटी आले.”

“आणि मी तुला चोर म्हणत राहिलो! तू बोलली का नाहीस?”

“मी परतले तेव्हा तू दहा वर्षांचाही नव्हतास. कळलं असतं तर प्रत्येक घास आमच्या नावानं मोजून खाल्ला असतास. त्यापेक्षा माझा राग करून पोटभर जेवलेलं काय वाईट?”

ब्रामने अर्ज तिच्याकडे सरकवला. “सगळं तुझं. माझा वाटा मला कधीच मिळालाय.”

“मूर्खासारखं बोलू नकोस! तुझ्या सहीवाचून मलाही मिळायचं नाही.”

आधी हसू, मग रडू... दोन्ही एकदमच फुटलं त्याला. त्याने सही केली, कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि ताम्मिंगा फाइलमधला चित्राचा फोटो काढू लागली तसा तिचा हात अडवला.

“फोटो नको. हिच्याकडून ऐकायचंय. लेया, त्या चित्रात होतं तरी काय?”

“एक जाडी बाई,” लेया डोळे पुसत म्हणाली, “मासे साफ करतेय, आणि तोंड असं वाकडं, जणू सगळ्या जगावर चिडलीये! बाबांचा भारी जीव त्याच्यावर. आईला मात्र ते बघवत नसे. म्हणायची, जेवताना ही बया समोर नको!”

“अस्सं?” ब्रामने खुर्ची तिच्याजवळ ओढली. “आणखी काय म्हणायची आई?”