चंद्रावरून उत्तर उशिरा का येतं?

शलाकाने इंग्रजीत काही विचारलं, की पलीकडे चिडीचूप. रोज, प्रत्येक प्रश्नाला. असं का व्हावं?

वर्ष होतं २०५८. लोणारच्या शाळेतल्या मुलांना इंग्रजी बोलायचा सराव व्हावा, म्हणून चंद्रवसाहतीतली मुलं पडद्यावर गप्पा मारायला येत. शलाकाच्या वाट्याला आली होती अमानी, केनियाहून तिथे राहायला गेलेली. शनिवारी साऱ्या शाळेदेखत शलाका तिला लोणारच्या विवराची (उल्का आदळून पडलेल्या खड्ड्याची) माहिती सांगणार होती. आणि या बाईसाहेबांनी आज ठरवलं होतं, की सरांना सांगायचं, माझं नाव काढा.

"का गं?" विजूआत्याने विचारलं. आत्या अँटेना बसवायचं काम करायची. बोलायला फटकळ, पण भाचीवर भारी जीव.

"मी बोलले, की ती नुसती बघत राहते. म्हणजे माझं चुकलंच ना? मग मी तेच पुन्हा म्हणते, तेवढ्यात ती बोलायला लागते, मग दोघी गप्प. मला लाज वाटते गं." शलाकाचे डोळे भरून आले.

"बरं, आज मी बसते शेजारी. प्रश्न विचारलास, की तोंडाला कुलूप."

शलाकाने अमानीला जेवणाचं विचारलं, मग शाळेचं, मग एक अवघड गणित. आत्या घड्याळ धरून बसली होती. दर वेळी निदान अडीच सेकंद अमानीचा चेहरा हललासुद्धा नाही.

"सोपं असो की अवघड, एवढा वेळ ठरलेला. मग तो जातो कुठे?"

"वाटेत?"

"वाटेतच. तुझा आवाज रेडिओलहरींवर (प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या, न दिसणाऱ्या लहरींवर) बसून जातो. सेकंदाला तीन लाख किलोमीटर. चंद्र आहे पावणेचार लाखांच्याही थोडा पुढे. जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा. उद्या मंगळावर मैत्रीण केलीस, तर कित्येक मिनिटं थांबावं लागेल. सरांनी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. पण ती शांतता आली, की माझी पाचावर धारण बसते."

"लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. तुझं उलटंच. अंगण खरोखर वाकडं, आणि तू आपल्या पायांना दोष देतेस."

शलाकाने डोळे पुसले. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने अमानीला सगळं सांगून टाकलं: तू गप्प राहायचीस, मला वाटायचं माझंच चुकलं, मी शनिवारी येणारच नव्हते. आणि ती थांबली.

अडीच सेकंद झाले. पाच झाले. शलाकाच्या ओठांवर तेच वाक्य पुन्हा आलं होतं, पण तिने ते गिळलं.

"मीही," अमानी हळूच म्हणाली. "तू गप्प झालीस, की मला वाटायचं, माझं इंग्रजी तुला कळत नाही. मी आज बाईंना सांगणार होते, मला शनिवारी नको."

"शनिवारी ये," शलाका म्हणाली. "मी थांबेन."

आणि ती हसली. अडीच सेकंदांनी अमानीही हसली.