महेक हेगला निघाली

जळगावात लॉ कॉलेजच्या समोर झेरॉक्सच्या दुकानात माझे कागद मशीनमधून निघत होते. शेजारी उभा मुलगा सरळ ते वाचत होता.

"इथे कलम सोळा नाही... सतरा हवं."

खरंच की! मी पेनने दुरुस्त केलं. मान वर केली तोवर तो गेलाही.

तासाभराने अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत तोच समोर उभा — उमर पिंजारी, भुसावळचा. तो आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या बाजूने, मी आफ्रिकेतल्या एका काल्पनिक देशाच्या बाजूने. त्या देशाच्या मंत्र्यावर गावं जाळल्याचा आरोप होता.

"बडी राष्ट्रं सदस्यच होत नाहीत, मग गरीब देशच पकडायचे?" मी म्हणाले. "कलम सतरा बघा. देशातली कोर्टं समर्थ असतील, तर खटला तुमच्याकडे येत नाही. आमची कोर्टं समर्थ आहेत."

"मान्य," उमर शांतपणे म्हणाला. "पण त्या कोर्टांनी सहा वर्षांत एकही साक्षीदार बोलावला नाही. जिचं घर जाळलं, त्या बाईने जायचं कुठे?"

मी कसंबसं उत्तर दिलं. अर्ध्या गुणाने जिंकले, पण ती बाई डोक्यातून जाईना.

बाहेर रसवंतीवर तो भेटला.

"प्रतिपक्षाची चूक कशाला सुधारलीस?"

"तेव्हा कुठे माहीत होतं, तू प्रतिपक्ष आहेस ते?" तो हसला. "माहीत असतं तरी... सांगितलंच असतं बहुतेक."

"बहुतेक?"

"अशी बघतेस, तर नक्की."

मग वर्षभर आम्ही फोनवर भांडलो. भारत या न्यायालयाचा सदस्य का नाही, यावरच एक महिना गेला! भांडण मिटलं तरी फोन कुणी ठेवायचं नाही.

आणि त्याच न्यायालयाचं हेगहून पत्र आलं. पीडितांची बाजू मांडणाऱ्या वकिलांच्या हाताखाली आठ महिने काम. त्याच आठवड्यात उमरच्या अम्मी, कनीजबी, धुळ्याला आमच्याकडे मागणी घेऊन आल्या.

"निकाह आधी, परदेश नंतर बघू," अब्बा म्हणाले. म्हणजे परदेश नाहीच. मी उमरला फोन करून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो अब्बांसमोर येऊन बसला.

"चाचा, मला महेकच हवी. पण आधी तिला जाऊन येऊ द्या. तिकडे तिचं मन बदललं, तरी माझी तक्रार नाही."

अब्बांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पासपोर्ट काढलाय का हिचा?"

दारात मी उमरला अडवलं.

"खरंच तक्रार नाही?"

"खोटं बोललो," तो खाली बघत म्हणाला. "फार तक्रार करीन."

"मग ऐक... मला तूच हवा आहेस. आजही, आठ महिन्यांनीही."

त्याचे कान लालबुंद झाले.

मी सप्टेंबरात गेले, मेमध्ये परतले. जूनमध्ये आमचा निकाह झाला. निकाह लांबला म्हणून धरलेला कनीजबींचा रुसवा मात्र थेट वलीम्याच्या जेवणापर्यंत टिकला.