हेस्टरच्या दाराची वादी

दिवा राहू दे, पोरांनो. तुमच्या आजोबांबरोबर लाकडाच्या गिरणीत जो लायल होता, त्याची ही गोष्ट.

गिरणी बंद पडली तेव्हा त्याला नदीकाठचं हेस्टरचं घर राखायचं काम मिळालं. ओंडक्यांचं, खोऱ्यातलं पहिलं घर. आता रविवारी लोक बघायला येतात. पुढच्या दाराला कुलूप नाही. आतल्या खिटीला चामड्याची वादी, ती दारातल्या भोकातून बाहेर लोंबते. बाहेरून ओढली की खिटी उचलली जाते, दार उघडतं. रात्री वादी आत घेतली की झालं दार बंद. लायल रोज ती आत घ्यायचा, मागच्या दाराला कुलूप घालून जायचा. आणि सकाळी बघावं तर वादी बाहेर!

घराची देखरेख करणाऱ्या समितीच्या थॉर्सनबाई कडाडल्या, "आणखी एकदा असं झालं तर किल्ल्या परत द्यायच्या. तुम्हाला राहायला दिलेली फाटकाजवळची खोलीसुद्धा."

घरी बायको, मार्व्हा, म्हणाली, "हेस्टरनं बर्फाच्या रात्री वादी आत घेतली न् नवरा उंबऱ्यावर गोठून मेला. तेव्हापासून ती, मेल्यावरसुद्धा, वादी आत राहू देत नाही. तू कशाला मध्ये कडमडतोस?"

"तिचा नवरा कधीच मेला गं! छप्पर आपलं जाईल!"

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाची आदली रात्र. बर्फ पडायला लागलेला. लायल चाकू घेऊनच गेला. एवढा वैतागलेला, की वादी खिटीपासून कापली आणि खिशात कोंबली.

"घे! आता काढ काय काढायचंय ते बाहेर!"

घर गप्प.

मग माळ्यावर... सर्र.

उंदीर असेल.

सर्र... सर्र... सावकाश. लांब केसांतून फणी फिरावी तसं.

"कोण आहे?"

आवाज थांबला. शिडीची वरची पायरी करकरली.

मग त्याखालची...

मागचं कुलूप त्यानं कसं लावलं, त्याचं त्यालाच ठाऊक.

सकाळी तो गेला तर थॉर्सनबाई आधीच फाटकाशी उभ्या. अंगणातल्या बर्फावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

"हद्द झाली, लायल! वादी पुन्हा बाहेरच! आणा त्या किल्ल्या."

"शक्यच नाही, बाई." त्यानं खिशातली वादी काढून त्यांच्यासमोर धरली. "ही बघा."

बाईंनी वादीकडे पाहिलं. मग दाराकडे.

दोघं जवळ गेले...

भोकातून करड्या केसांची वेणी लोंबत होती. तीन पेडांची, घट्ट.

किल्ल्यांसाठी पुढे केलेला हात बाईंनी मागे घेतला. "राहू द्या," त्या पुटपुटल्या. "बाहेरच... राहू द्या."

उंबऱ्यावर, दारावर, खिळ्याखिळ्यावर बर्फ साचला होता. वेणीवर एक कण नव्हता.