जास्तीची एकोणीस मिनिटं

तो आला होता फक्त दोन मीटरची केबल घ्यायला. पण जिना चढून वर आला, काउंटरकडे ढुंकूनही न बघता भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यासमोर उभा राहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "हा आकडा चुकलाय."

ती एका कीबोर्डच्या फटींमधले बिस्किटाचे कण ब्रशने झाडत होती. ब्रश थांबला.

"कुठला?"

"हा. राखाडी डबा, एकसष्ट मिनिटं."

"तुम्ही शाळेत गणित शिकवता का?"

"नाही. नकाशे काढतो. नगररचना कचेरीत."

"मग नकाशे काढा ना. आकड्यांचं आमचं आम्ही बघतो."

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. हसणाऱ्या माणसाशी भांडायला दुप्पट ताकद लागते.

फळा तिच्या बाबांचा होता. दुकानही त्यांचंच. बाजारात नवा प्रोसेसर आला की डब्यावर कंपनीने काय छापलंय हे बाबा वाचायचेसुद्धा नाहीत. मागच्या टेबलावरच्या चाचणीच्या मशीनमध्ये तो बसवायचे आणि गिऱ्हाइकांचं खरंखुरं काम त्याच्यावर चालवायचे. एका फोटो स्टुडिओने दिलेला तासाभराचा व्हिडिओ होता. तो तयार व्हायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजायचं, तीनदा, आणि तिन्हींतला सगळ्यात वाईट आकडा फळ्यावर लिहायचा. "चांगला आकडा कोणीही दाखवतं," ते म्हणायचे. "वाईट दिवशी काय पदरात पडणार, ते सांगणाऱ्याला दुकानदार म्हणायचं." शेजारी किंमत लिहायची, की झालं. पुढचं गिऱ्हाइकाने ठरवावं.

शेवटच्या दोन ओळी लिहिल्या त्याला पाच महिने झाले होते. बाबांना जाऊन चार. केशरी डब्यातला प्रोसेसर: एकतीस हजार, अडतीस मिनिटं. राखाडी डब्यातला: अठरा हजार, एकसष्ट मिनिटं. सहाची शेपटी खाली लांब ओढलेली, ती त्यांची खोड. त्या फळ्यावरून तिने अजून फडकं फिरवलं नव्हतं.

"राखाडी माझ्या घरी आहे," नकाशेवाला म्हणाला. "असल्या कामाला तो बेचाळीसच्या वर जाणार नाही."

"माझ्या बाबांचा आकडा चुकत नाही."

"त्यांच्याशी बोलता येईल?"

"नाही," ती म्हणाली, आणि केबल गुंडाळू लागली... गुंडाळून झाल्यावर सोडली, पुन्हा गुंडाळली.

त्याला कळलं असावं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "उद्या माझं मशीन घेऊन येतो. चालेल?"

"आणा की. तोंडावर पडायचं असेल तर आमच्याकडे भरपूर जागा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खरंच आला. झोपलेलं मूल आणावं तसं मशीन छातीशी धरून, धापा टाकत. तिने व्हिडिओ चढवला, घड्याळ लावलं, आणि मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की आता वाट बघण्यापलीकडे करायला काही नाही.

चाळीस मिनिटं ही मोठी चमत्कारिक वेळ. बाहेर एखादं काम उरकून यावं इतकी लांब नाही, आणि गप्प बसून काढावी इतकी छोटीही नाही.

पहिल्या खेपेला ते उकाड्याबद्दल बोलले. दुसऱ्या खेपेला तिने विचारलं, "नकाशात चूक सापडली तर काय करता?"

"तो रस्ता स्वतः चालून येतो."

"आणि चूक साहेबांची असली तर?"

"तर जरा सावकाश चालतो."

ती हसली. मोठ्याने. स्वतःचाच आवाज ऐकून दचकली, कारण हा आवाज दुकानात फार दिवसांत झाला नव्हता. तो मान खाली घालून पायातल्या बुटाची नाडी बांधत राहिला. ती आधीच बांधलेली होती.

तिसऱ्या खेपेला दोघंही टेबलाशी येऊन बसले. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत होती, आणि दोघं तिच्याकडे असं बघत होते की जणू डोळे हलवले तर ती थांबेल. तिची कोपरं टेबलावर होती, त्याचीही. मध्ये बोटभर अंतर... ते बोटभरच राहिलं, पण त्याची जाणीव मात्र चांगली वीतभर होती.

एकेचाळीस, चाळीस, बेचाळीस.

"बेचाळीस," ती म्हणाली. "वाईट तोच धरायचा."

"म्हणजे मान्य?"

"अजिबात नाही. हे मशीन तुमचं. ह्याची मेमरी वेगळी, प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर वेगळा. बाबांनी मोजलं ते मशीन तिकडे आहे." तिने मागच्या टेबलाकडे मान वळवली. चाचणीचं मशीन तिथे चादरीखाली होतं, त्यांनी बंद केलं तसंच. "आणि त्याला कोणी हात लावायचा नाही."

"मी नाही लावणार. वाटेल तेव्हा तुम्हीच लावाल."

"फार खात्री आहे हो तुम्हाला!"

"आकड्याची आहे. तुमची..." तो अडखळला. "तुमची काडीची नाही. म्हणूनच परत येईन म्हणतो."

आणि तो येत राहिला. एकदा माऊस न्यायला. मग माऊसखालचं पॅड. मग पॅड फार गुळगुळीत आहे म्हणून ते बदलायला. मग आणखी एक माऊस.

"घरी माऊस पाळलेत का?" तिने विचारलं.

"एकटा राहतो. सोबत लागते."

तिने बिल लिहिताना ओठ घट्ट मिटून घेतले, तरी गालांनी दगा दिलाच.

अशात एका बुधवारी काका आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दुकानाच्या जागेत त्यांचा अर्धा हिस्सा. "सहा महिने चालवून बघ, नाही जमलं तर जागा विकू," असं त्यांनी तिला सांगितलं होतं, आणि सहातले चार संपले होते. पण आज ते खुशीत होते. बरोबर केशरी डब्यांचा वितरक होता, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला.

वितरकाने फळा वरपासून खालपर्यंत वाचला, आणि एकसष्टावर बोट ठेवलं. "ताई, हे सोनं आहे. आमचा अडतीस, त्यांचा एकसष्ट! आणि लिहिणारा कोण, तर उभ्या आयुष्यात कुठल्या कंपनीची टिमकी न वाजवलेला माणूस. आम्ही ह्या फळ्याचा फोटो काढतो. शहरभर लावतो. आणि केशरी डब्यांची ह्या भागातली एजन्सी तुमची. शुक्रवारी बाराला फोटोवाला घेऊन येतो."

"दादाचं अक्षर चौकाचौकात लागेल, पोरी," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आणि दुकान राहील. विकायचं नावच नको."

काका खोटं बोलत नव्हते. अवघड होतं ते तेवढंच. तिलाही ते डोळ्यांपुढे दिसलं: चौकात, पुरुषभर उंचीचा, लांब शेपटीचा सहा. ती "हो" म्हणाली. काकांच्या पाया पडली.

गुरुवारभर तिने चादरीकडे पाठ करून काम केलं.

शुक्रवारी सकाळी नऊला नकाशेवाल्याचा फोन वाजला.

"मी बोलतेय. दुकानातून." मग मागे एक खुर्ची सरकली. "स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहे. एकटीने उघडवत नाहीये... याल?"

तो आला तेव्हा चादर घडी करून ठेवलेली होती. खुर्ची ओढून शेजारी बसला आणि ती काढेल तो एकेक स्क्रू तळहातावर घेत गेला. चौथा स्क्रू निघाला, तिने कूलर हलकेच फिरवून वर उचलला... आणि तशीच राहिली.

कूलरच्या तळाला पातळ, पारदर्शक कागद चिकटलेला होता. त्यावर छोट्या लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: बसवण्यापूर्वी काढून टाका.

नवा कूलर येतो तेव्हा त्याचा तळ खरवडू नये म्हणून असा कागद लावलेला असतो. केशरी बाबांनी जुन्याच कूलरवर मोजला होता, राखाडीसाठी हा नवा बसवला होता. तो काढायचा राहिला की उष्णता वर जायला वाट मिळत नाही. प्रोसेसर तापतो, आणि जळू नये म्हणून स्वतःची चाल मंद करतो. दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा पहिल्या दिवशी हे सांगत. कागद विसरणाऱ्याला दिवसभर दाराशी उभं करून येणाऱ्या-जाणाऱ्याला "मी कागद विसरलो" म्हणायला लावत. तीही एकदा उभी राहिली होती, चौदाव्या वर्षी.

"त्या महिन्यात भर दुपारी दिवा लावायला सांगायचे मला," ती म्हणाली. "मी म्हणायचे, बाबा, एवढा उजेड आहे की. ते म्हणायचे, असू दे, लाव."

तिच्या हातात तिरका झालेला कूलर त्याने अलगद खालून धरला, प्रोसेसर आणि कूलरमधली चिकट पेस्ट तिच्या बाहीला लागू नये म्हणून. आणि ती सोडेपर्यंत धरून राहिला.

मग तिने नाक पुसलं, कापसावर स्पिरिट घेतलं, जुनी पेस्ट साफ केली, कागद सोलून काढला, नवी पेस्ट लावली. घड्याळ लावलं. तीनदा. ह्या वेळी दोघांच्या कोपरांमध्ये अंतर नव्हतं, आणि ते कोणी मोजलंही नाही.

एकेचाळीस. बेचाळीस. एकेचाळीस.

"चार मिनिटांसाठी तेरा हजार," ती फळ्याकडे बघत म्हणाली. "केशरी घेणारा तेरा हजार जास्त मोजणार, आणि मिळणार चारच मिनिटं. तेवीस नाहीत."

"तुम्ही काहीही केलंत तरी मी कोणाला सांगणार नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. पाळत ठेवायला नव्हे."

बाराच्या ठोक्याला जिन्यावर पावलं वाजली. आधी काका, मागे वितरक, त्याच्या मागे तिपाई घेतलेला फोटोवाला. वितरक म्हणाला, "ताई, तुम्ही फळ्याच्या बाजूला उभ्या राहा. चेहऱ्यावर जरा अभिमान..."

ती फळ्याच्या बाजूला उभी राहिली. हातात स्पिरिटचं फडकं होतं. पाच महिन्यांची वाळलेली शाई सहज जात नव्हती. जोर लावावा लागला. आधी एक गेला. मग सहा. शेपटी सगळ्यात शेवटी.

"अगं!" काकांचा आवाज फाटला. "दादाचं अक्षर!"

"अक्षर बाबांचं होतं, काका. आकडा त्यांचा नव्हता." तिने मार्कर उघडला आणि तिथे स्वतःच्या हाताने बेचाळीस लिहिलं. "कूलरचा कागद काढायचा राहिला होता. त्यांना दिसत नव्हतं, आणि आपल्या कोणाच्या लक्षात आलं नाही. आज ते असते तर दिवसभर दाराशी उभे राहिले असते."

वितरक घसा खाकरून म्हणाला, "ताई, असा आकडा असेल तर एजन्सीचा आम्हाला पुन्हा विचार करावा लागेल."

"जरूर करा. केशरीही चांगला आहे, वेगवानच आहे. ज्याला ती चार मिनिटं हवीत त्याला मी तोच देईन. पण चारच आहेत, असं सांगून देईन."

फोटोवाल्याने न सांगताच तिपाई मिटली. वितरक जिन्यावरून उतरून गेला. काका मात्र जागचे हलले नाहीत.

"दोन महिन्यांनी ही जागा जाईल. कळतंय का तुला?"

"दोन महिने आहेत ना? मग ते माझे आहेत. त्याच्या आत इथे कोणी मोजपट्टी घेऊन यायचं नाही, तुम्हीसुद्धा."

काकांची नजर खोलीभर फिरली आणि टेबलापाशी, मुठीत स्क्रू घेऊन उभ्या असलेल्या नकाशेवाल्यावर जाऊन आदळली.

"आणि हा कोण? ह्यानेच भरवलं वाटतं तुझ्या डोक्यात. कोण लागतो हा तुझा?"

नकाशेवाल्याने तोंड उघडलं. तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"अजून ठरायचंय, काका," ती म्हणाली. "पण माझ्याकडून ठरलंय."

दुकानातले सगळे पंखे एकाएकी फार मोठ्याने फिरू लागल्यासारखे वाटले. काकांनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, डोक्याला हात लावला आणि धाडधाड जिना उतरू लागले.

नकाशेवाल्याचे कान लालबुंद झाले होते. "हे... हे आधी मला सांगायची पद्धत असते."

"असते का? मला आत्ताच कळलं. तुम्हाला सांगायच्या आधीच ते विचारून बसले." मग तिचा आवाज थोडा उतरला. "तुमचं काही वेगळं असेल तर सांगा. मी ऐकून घेईन. आज मला काहीही ऐकायची सवय झालीये."

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोला. पंखे चालू आहेत."

"माझ्याकडूनही ठरलंय!" तो इतक्या जोरात म्हणाला की मुठीतले स्क्रू फरशीवर सांडले. "पहिल्याच दिवशी ठरलंय! तुम्ही म्हणालात ना, नकाशे काढा... तेव्हाच!"

खालून, जिन्याच्या वळणावरून, काकांचा आवाज आला. "ऐकू आलं मला!"

ती धावत कठड्याशी गेली आणि वाकून ओरडली, "बरं झालं, काका! आता घरी तुम्हीच सांगा!"